व्हेंटेड ड्रायर घेताना मागची बाजू बघा

कपडे वाळवणारी घरगुती इलेक्ट्रिक मशीन तीन प्रकारची मिळतात. व्हेंटेड ड्रायर गरम दमट हवा पाइपातून घराबाहेर टाकतो. कंडेन्सर ड्रायर तीच हवा आतल्या आत थंड करून पाणी टाकीत साठवतो, आणि हीट पंपवाला हेच काम कमी विजेत करतो. हा रिव्ह्यू पहिल्याचा. तिघांत तो सगळ्यात साधा आणि दुरुस्तीला सगळ्यात सरळ. वीज मात्र हीट पंपवाल्यापेक्षा बरीच जास्त खातो. बाहेरच्या भिंतीला लागून जागा असेल तर तो खुशाल घ्यावा. पाइप दोन खोल्या ओलांडून न्यावा लागणार असेल तर घेऊ नये, कारण या मशीनच्या बहुतेक तक्रारींचं मूळ हवेच्या वाटेत सापडतं.

आत फार काही नसतं. बहुतेक मॉडेलांत एकच मोटर दोन कामं करते: शाफ्टच्या एका टोकावरून जाणारा पट्टा ड्रम फिरवतो, दुसऱ्या टोकावरचा पंखा हवा ओढतो. हवा हीटरवरून ड्रममध्ये, कपड्यांतून लिंटच्या (कपड्यांतून सुटणाऱ्या बारीक तंतूंच्या) जाळीत, पंख्यात आणि तिथून पाइपात जाते. या वाटेवर कुठेही अडथळा आला की हीटर तापतो, पण उष्णता कपड्यांपर्यंत पुरेशी पोचत नाही आणि वाफही बाहेर पडत नाही. मग तापमानावर लक्ष ठेवणारा थर्मोस्टॅट हीटर वारंवार बंद करत राहतो आणि तासाभराचं काम दोन तासांवर जातं.

वेळ जास्त लागतो म्हणून ड्रायरला दोष देण्याआधी वॉशिंग मशीनचा स्पिन बघा. एक किलो पाण्याची वाफ करायला सुमारे 0.68 युनिट वीज लागतेच, कोणताही हीटर यातून सुटत नाही. 4 किलो सुती कपडे मिनिटाला 1400 फेऱ्यांवर पिळले तर त्यांत साधारण 2 किलो पाणी उरतं, 800 फेऱ्यांवर पावणेतीन किलोच्या आसपास. वरचं पाऊण किलो पाणी उडवायला अर्धा युनिट जास्तीचा, म्हणजे 2000 वॉटच्या हीटरवर किमान पंधरा मिनिटं. स्पिनला याच्या तुलनेत नगण्य वीज लागते.

आता पाइप, कारण खरी मेख इथेच आहे. व्यास 100 मिलिमीटर हवा, आणि पाइप सरळ, गुळगुळीत धातूचा. पांढरा प्लॅस्टिकचा स्प्रिंगवाला पाइप स्वस्त असतो, पण त्याच्या प्रत्येक वळीत लिंट बसतो, मधे झोळ पडून पाणी साचतं, आणि आग लागली तर तो स्वतःच पेटतो. तो वापरूच नका. काटकोनातला प्रत्येक एल्बो, म्हणजे वळणाचा जोड, हवेला साधारण दीड मीटर सरळ पाइपाइतका जड जातो, त्यामुळे तीन एल्बो म्हणजे साडेचार मीटर जास्तीचेच धरा. सांध्यांना स्क्रू मारले तर आत आलेल्या टोकांवर लिंट अडकून गुंता वाढत जातो. त्याऐवजी क्लॅम्प आणि ॲल्युमिनियमची चिकटपट्टी वापरा. बाहेरच्या तोंडाला हलकी झडप असावी, बारीक जाळी नको. पक्षी येऊ नयेत म्हणून लावलेली जाळी काही आठवड्यांत लिंटने मढून जाते.

तपासणी सोपी आहे. ड्रायर चालू असताना बाहेर जाऊन झडप बघा. ती पूर्ण उघडी हवी आणि हाताला जोरदार गरम झोत लागायला हवा. झडप अर्धवट फडफडत असेल तर मशीन थोडं पुढे ओढून पाइप काढा आणि थोडा वेळ तसंच चालवा. झोत एकदम सुधारला तर दोष पाइपात. ही चाचणी फक्त इलेक्ट्रिक ड्रायरवर करायची. गॅसवर चालणाऱ्या ड्रायरचा धूर घरात सोडणं जिवावर बेतू शकतं. वर्षातून एकदा लांब ब्रशने पूर्ण पाइप साफ करावा, एल्बो जास्त असतील तर दोनदा.

लिंटची जाळी प्रत्येक वेळी हाताने पुसायची हे सगळ्यांना ठाऊक असतं, पण पुसलेली जाळीही बंद असू शकते. कपड्यांसोबत टाकायच्या सुगंधी ड्रायर शीटचा मेणचट थर बारीक छिद्रांवर बसतो आणि डोळ्यांना दिसत नाही. जाळी आडवी धरून नळाखाली न्या. पाणी लगेच खाली गळलं तर ठीक. वर तळं साचलं तर हवाही तशीच अडते आहे. कोमट पाणी, चार थेंब भांड्यांचं लिक्विड आणि मऊ ब्रश एवढ्याने काम होतं, पण पूर्ण वाळल्याशिवाय जाळी परत बसवू नका.

हाच थर ओलावा मोजणाऱ्या सेन्सरवरही बसतो. ड्रमच्या तोंडाशी धातूच्या दोन पट्ट्या असतात. ओला कपडा दोन्हींना टेकला की त्यातून बारीकसा प्रवाह जातो आणि मशीनला ओलावा कळतो. थर बसला की प्रवाह जात नाही, मशीन कपडे वाळले असं समजतं आणि ऑटो प्रोग्रॅम दहा मिनिटांत संपतो. टायमरवर कपडे नीट वाळतात आणि ऑटोवर ओले राहतात, तर आधी या पट्ट्या स्पिरिटने पुसा. एक-दोनच कपडे टाकले तरी असंच होतं, कारण ते पट्ट्यांना पुरेसे लागतच नाहीत. त्याला बिघाड म्हणू नये.

ड्रम फिरतो पण हवा गार, ही सगळ्यात जास्त येणारी तक्रार. प्लग काढा, मागचं पॅनेल उघडा, मल्टिमीटर ओहमवर लावा. ज्या भागाची चाचणी करायची त्याची निदान एक वायर सुटी करा, नाहीतर शेजारच्या वाटेने खोटं रीडिंग येतं. पहिला थर्मल फ्यूज, म्हणजे फार तापलं की वीज तोडणारा भाग. तो हीटरच्या डब्यावर किंवा पंख्याच्या घरावर बसवलेला असतो. शाबूत असेल तर जवळजवळ शून्य ओहम, उडाला असेल तर काहीच दाखवत नाही. काही मॉडेलांत तो उडाला की मोटरही सुरू होत नाही. हा फ्यूज एकदाच वापरायचा असतो आणि तो बहुधा हवा अडल्यामुळेच उडतो. नुसता नवा बसवून पाइप तसाच ठेवला तर तोही थोड्याच दिवसांत जाणार. वायर जोडून त्याला वगळणं तर कधीच करू नका. घराला आग लागू नये म्हणूनच तो तिथे आहे.

फ्यूज ठीक असेल तर हीटर. त्याचा रोध किती असावा हे साध्या गणिताने कळतं: व्होल्टेजचा वर्ग भागिले वॉट. 230 व्होल्ट आणि 2000 वॉटला सुमारे 26 ओहम, 2500 वॉटला 21. रीडिंग आलंच नाही तर कॉइल तुटली. कॉइलचं एक टोक आणि डब्याचा पत्रा यांच्यातही एकदा बघा. तिथे कंटिन्युइटी, म्हणजे वीज जायला अखंड वाट, दिसली तर कॉइल लोंबून पत्र्याला टेकली आहे, आणि असा हीटर लगेच बदलायचा. थर्मोस्टॅट गार असताना जोडलेला, म्हणजे शून्याजवळ दिसायला हवा. इलेक्ट्रॉनिक मॉडेलांत त्याच्या जागी तापमान मोजणारा थर्मिस्टर असतो. त्याचा रोध तापल्यावर कमी होतो, आणि मूळ आकडा मॉडेलच्या सर्व्हिस शीटवर मिळतो.

आवाजावरून बरंच कळतं. एका लयीत धप-धप होत असेल तर ड्रमखालचा रोलर झिजून एका बाजूने चपटा झालेला असतो. सतत चिरका आवाज असेल तर पट्टा ताणून धरणारी आयडलर पुली. मोटरचा आवाज येतो पण ड्रम जागचा हलत नाही आणि हाताने ढकलला तर अगदी हलका फिरतो, तेव्हा पट्टा तुटला आहे. मोटर नुसती गुणगुणते आणि ड्रमला हाताने जोर दिल्यावर फिरू लागते, असं असेल तर कपॅसिटर (मोटरला सुरू व्हायला जोर देणारा भाग) असलेल्या मॉडेलात आधी त्याच्यावरच संशय घ्या. कपॅसिटरला हात लावण्याआधी त्यात साठलेली वीज काढून तो डिस्चार्ज करावा लागतो, हे जमत नसेल तर मेकॅनिकला बोलवा. कपड्यांवर तपकिरी ओरखडे उठत असतील तर ड्रमच्या कडेची फेल्ट पट्टी किंवा ड्रम ज्यांवर घसरतो त्या पुढच्या पट्ट्या झिजल्या आहेत आणि कपडा फटीत अडकून भाजतो आहे.

पट्टा बदलताना त्याची रेघांची बाजू ड्रमकडे ठेवा. तो ड्रमवर आधी जिथे होता ती फिकट रेष दिसते, तिथेच बसवा. खाली पट्ट्याचा फास आयडलरखालून घेऊन मोटरच्या पुलीत अडकवा आणि ड्रम हाताने दोन-तीन फेरे फिरवून पट्टा सरळ येतो ना ते बघा. ड्रम बाहेर काढलाच आहे तर रोलर आणि आयडलरही सोबत बदलणं शहाणपणाचं, आणि तळाशी साचलेला लिंट व्हॅक्यूमने ओढून घ्या. चिरका आवाज थांबवायला पातळ तेलाचा फवारा मारू नका. ते उष्णतेने सुकतं आणि लिंट पकडून ठेवतं.

विजेच्या बाबतीत एवढंच, की 16 अँपिअरचं अर्थिंग असलेलं स्वतंत्र सॉकेट हवं, एक्स्टेंशन बोर्ड नको. प्लगच्या पिना तपकिरी पडल्या असतील तर सॉकेट सैल आहे. तेलाने भिजलेली फडकी धुतल्यावरही ड्रायरमध्ये टाकू नयेत. उरलेलं तेल गरम ढिगात स्वतःच तापत जातं आणि मशीन थांबल्यावरही पेट घेऊ शकतं. शेवटची थंड हवेची मिनिटं त्यासाठीच असतात, ती मधेच तोडू नका.

कंडेन्सरवाल्यात पाइपाची कटकट नाही, पण बहुतेकांत हीट एक्स्चेंजर नेमाने बाहेर काढून धुवावा लागतो. हीट पंपवाला कमी तापमानावर चालतो, वीज निम्म्याच्या आसपास घेतो आणि नाजूक कपड्यांना जपतो. मात्र पत्र्याच्या बारीक पात्यांत लिंट शिरला तर तो काढणं त्रासाचं, आणि थंड करणाऱ्या गॅसच्या सीलबंद भागाला घरी हात लावता येत नाही. वीज महाग आणि वापर रोजचा असेल तर तरीही तोच निवडावा.

व्हेंटेड घ्यायचा ठरलाच तर दुकानात मशीन फिरवून मागून बघा. पॅनेल साध्या स्क्रूंवर आहे का, पाइप मागून आणि बाजूने दोन्हीकडून काढता येतो का, पट्टा, रोलर आणि थर्मल फ्यूज सुटे मिळतात का, हे विचारा. नुसता फ्यूज न मिळता पूर्ण हीटरचा डबाच घ्यावा लागत असेल तर दुसरं मॉडेल बघा.