एका मॉनिटरवर दोन पडदे: मेलनडीएसबरोबरचे आठ महिने

माझा डीएस लाइट, म्हणजे निन्टेंडोचा वहीसारखा मिटणारा, दोन पडद्यांचा हातातला गेमिंग कन्सोल, हातातून पडला आणि वरचा पडदा गेला. खेळांच्या कॅसेट्स मात्र शाबूत होत्या. मैत्रिणीच्या थ्रीडीएसवर (डीएसनंतरचा कन्सोल) गॉडमोड९ हे फाइल्स काढायचं साधन चालवून कॅसेट्समधल्या फाइल्स काढून घेतल्या आणि गेले आठ महिने मेलनडीएसवर खेळतेय. हा एमुलेटर आहे, म्हणजे संगणकावर डीएसची नक्कल करणारा प्रोग्राम. लॅपटॉप जुना, वेगळं ग्राफिक्स कार्ड नसलेला.

आधी वेगाचं सांगते, कारण सगळे तेच विचारतात. डीएसमध्ये दोन प्रोसेसर आहेत, एआरएम९ साधारण ६७ मेगाहर्ट्‌झचा आणि एआरएम७ साधारण ३३चा. आकडे आज किरकोळ वाटतात, पण दोघांची कामं एकमेकांत गुंतलेली असतात. एमुलेटरला त्यांना सतत एका ठेक्यात ठेवावं लागतं आणि संगणकाची दमछाक त्यातच होते. जेआयटी, म्हणजे डीएसच्या सूचना संगणकाच्या भाषेत आयत्या वेळी बदलून वेग वाढवणारी सोय, चालू केल्यावर माझ्याकडे खेळ अडखळायचे थांबले. डीएसचा मूळ बायॉसही (यंत्र सुरू करणारा आतला प्रोग्राम) शोधावा लागला नाही. त्याला पर्यायी बायॉस मेलनडीएसमध्ये आधीच आहे, माझ्या सगळ्या कॅसेट्स त्यावर सुरू झाल्या.

खरा त्रास पडद्यांचा. प्रत्येक पडदा २५६ × १९२ पिक्सेलचा, एकावर एक ठेवले की उंची ३८४. लॅपटॉपची उंची १०८०. तिप्पट करायला ११५२ लागतात, म्हणजे थोडक्यात हुकतं. दुप्पट केलं तर चित्र चिमुकलं आणि चहूकडे काळोख. पूर्ण उंचीला ताणलं तर २.८ पट होतं, मग काही पिक्सेल जाड, काही बारीक, आणि अक्षरं डोळ्यांना खुपतात. महिनाभर पडदे शेजारी-शेजारी मांडून खेळले. पण खालच्या पडद्यावरून वर जाणारी वस्तू बाजूच्या चौकटीत उगवली की नजर दर वेळी चुकते. शेवटी घरातला जुना मॉनिटर उभा फिरवला. १०८० × १९२० मध्ये चौपट, म्हणजे १०२४ × १५३६, व्यवस्थित बसतं. दोन पडद्यांमधली बिजागरीची जागासुद्धा सेटिंगमधून सोडता येते. त्या रात्री जेवायला उठायचंही भान राहिलं नाही.

रेझोल्यूशन वाढवायचा मोह मात्र मी आवरला. ओपनजीएलवर, म्हणजे ग्राफिक्स चिपकडून चित्र काढून घेण्याच्या पद्धतीवर, थ्रीडी आकृत्या धारदार होतात, पण मेनू आणि टूडी चित्रं होती तशीच राहतात, त्यामुळे दोन वेगळे खेळ एकमेकांवर चिकटवल्यासारखे दिसतात. शिवाय डीएसचं थ्रीडी इंजिन एकच. दोन्ही पडद्यांवर थ्रीडी दाखवणारे खेळ एका फ्रेमला वरचा, पुढच्या फ्रेमला खालचा पडदा काढतात. अशा खेळांत रेझोल्यूशन वाढवलं की माझ्याकडे चित्र लुकलुकायला लागायचं. मी सॉफ्टवेअर रेंडररवर, म्हणजे प्रोसेसरकडूनच चित्र काढून घेण्याच्या पद्धतीवर, परत आले, त्यातलं रूप मला आठवतं तसंच आहे.

एक चूक माझी. सेव्ह स्टेटवर, म्हणजे एमुलेटर खेळाची त्या क्षणाची स्थिती जशीच्या तशी जपतो त्या सोयीवर, विसंबून खेळातलं सेव्ह करणं सोडलं होतं, आणि एकदा जुनी स्टेट उघडून त्यावरच पुढचं सेव्ह केलं. दोन आठवड्यांची मेहनत गेली. खेळातलं सेव्ह रोज करा, आणि ती फाइल दुसरीकडे ठेवा.

आता स्टायलस, म्हणजे डीएसच्या खालच्या स्पर्शपडद्यावर फिरवायची पेन्सिल. २००७ सालच्या ‘फँटम अवरग्लास’ या झेल्डा मालिकेतल्या खेळात नायक लिंकला चालवायचंही स्टायलसनेच, नकाशावर खुणाही हाताने काढायच्या. माउसने मनगट भरून येतं. चित्रं काढायचा साधा पेन टॅबलेट जोडला आणि हात मोकळा झाला. खेळात कुठे माइकमध्ये फुंकर मारायची तर लॅपटॉपचा माइक तिला गोंगाट समजून गाळून टाकत होता. आवाज साफ करणारी सोय बंद केल्यावर फुंकर पोचली.

माझी भाची याच खेळात दोन दिवस अडकली होती. एका पडद्यावरचं चिन्ह दुसऱ्या पडद्यावरच्या समुद्री नकाशावर उमटवायचं असतं. तिने सगळीकडे टॅप करून पाहिलं, सगळी बटणं दाबली. “मावशी, हा खेळ बिघडलाय गं,” म्हणाली. मी कपाटातला बंद पडलेला डीएस तिच्या हातात दिला, काही न सांगता. तिने तो उघडला, मिटला, पुन्हा उघडला, आणि ओरडलीच, “दोन्ही पडदे एकमेकांना टेकतात!” झाकण मिटण्यासाठी मेलनडीएसमध्ये वेगळी कळ ठरवता येते. तिच्या सांगण्यावरून ती आता स्पेसबारवर ठेवली आहे.