जुना डेस्कटॉप दुरुस्त करून वापरताना: एका पावसाळ्यापासून दुसऱ्या पावसाळ्यापर्यंत

आमचा डेस्कटॉप २०१२ सालचा. कोअर आय३-२१२० प्रोसेसर, एच६१ चिपसेटचा मदरबोर्ड, विंडोज ७. पेजमेकर या पानं मांडायच्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये श्रीलिपी या मराठी फॉन्टांत केलेल्या लग्नपत्रिका, मंडळाच्या स्मरणिका, पतसंस्थेचे अहवाल हे सगळं त्यावर आहे आणि गिऱ्हाईक दरवर्षी तीच फाईल थोडी बदलून मागतं. म्हणून ‘भंगारात द्या, नवा घ्या’ हा सल्ला आमच्या उपयोगाचा नव्हता.

गेल्या पावसाळ्यात त्याने त्रास द्यायला सुरुवात केली. बटण दाबलं की पंखा फिरायचा, दिवा लागायचा, पण डिस्प्ले नाही. कधी आलाच तर सीमॉस चेकसमची (मदरबोर्डवर जपलेल्या सेटिंग बिघडल्याची) एरर, एफ१ दाबा म्हणून सूचना आणि तारीख २०११च्या जानेवारीची. पुढे जावं तर विंडोजचा लोगो दिसतो न दिसतो तोच निळा स्क्रीन, एररच्या शेवटी ७बी. दुकानात दाखवला तर ‘मदरबोर्ड गेला’ असं सांगण्यात आलं. मदरबोर्ड धडधाकट होता आणि आजही आहे.

बिघाड खरं तर दोन होते, एकमेकांशी संबंध नसलेले. डिस्प्ले न येण्याचं कारण रॅम. आम्ही रत्नागिरीचे; इथल्या दमट, खाऱ्या हवेत रॅमच्या सोनेरी पट्ट्यांवर थर धरतो. मेन केबल काढली, बटण दाबून उरलेला करंट जाऊ दिला, पट्ट्या पांढऱ्या खोडरबरने हलक्या हाताने पुसल्या, स्लॉट कोरड्या ब्रशने साफ केला आणि एकेक रॅम वेगळी लावून पाहिली. दोन्ही चांगल्या निघाल्या. दोन्ही बाजूंचे खटके बसल्याचा आवाज येईपर्यंत दाबायला मात्र हवं.

दुसरा बिघाड सीमॉसच्या सेलचा, आणि हा नीट समजून घेण्यासारखा आहे. सीआर२०३२ हा नाण्याएवढा सेल तीन व्होल्टचा असतो. आमचा मल्टिमीटरवर अडीचच्याही खाली दाखवत होता. सेल संपला की मेन स्विच बंद केल्यावर घड्याळ तर मागे जातंच, पण बायोसच्या, म्हणजे मशीन सुरू करणाऱ्या मदरबोर्डवरच्या प्रोग्रामच्या, सेटिंगही मूळपदावर येतात. आमच्या बोर्डात त्यामुळे साटाचा, म्हणजे डिस्कच्या जोडणीचा, मोड एएचसीआयवरून जुन्या आयडीईवर गेला. विंडोज ७ एएचसीआयमध्ये टाकलेलं असेल तर मोड बदलल्यावर सुरू होताना त्याला स्वतःचीच डिस्क वाचता येत नाही, आणि ७बी येतो. नवा सेल घातला, डिलीट दाबून बायोसमध्ये गेलो, एएचसीआय केलं, तारीख लावली, एफ१० ने सेव्ह. विंडोज जसंच्या तसं उघडलं. चाळीस-पन्नास रुपयांच्या सेलमुळे लोक फॉरमॅट मारून वर्षांचं काम घालवतात, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

मशीन उभं राहिल्यावर एसएसडी ही वेगवान डिस्क घातली आणि रॅम ८ जीबी केली. एच६१ बोर्डाचे साटा पोर्ट ३ गिगाबिटचेच, त्यामुळे एसएसडीचा खोक्यावर छापलेला वेग मिळत नाही. सेकंदाला अडीचशे एमबीच्या आसपास मिळतो. रोजच्या कामात फरक जाणवत नाही, कारण खरा फायदा छोट्या छोट्या फायली पटकन सापडण्यात आहे. पेजमेकर आता क्लिक करताच उघडतं. त्या खर्चाबद्दल मी पूर्ण समाधानी आहे.

विंडोज ७ चे सुरक्षा अपडेट १४ जानेवारी २०२० लाच थांबले, म्हणून त्याला इंटरनेट जोडत नाही. मेल आणि बँकेसाठी त्याच मशीनवर शेजारीच लिनक्स मिंट या मोफत ऑपरेटिंग सिस्टिमची हलकी एक्सएफसीई आवृत्ती टाकली आहे. मराठी युनिकोड टायपिंग सुरेख चालतं. यूट्यूबला थोडा दम लागतो, कारण या प्रोसेसरमधलं ग्राफिक्स यूट्यूबचे व्हीपी९ प्रकारचे व्हिडिओ स्वतः उलगडू शकत नाही आणि सगळा भार प्रोसेसरवर येतो. व्हिडिओची क्वालिटी ७२० वर ठेवली की अडत नाही.

यंदाच्या पावसात डिस्प्ले पुन्हा एकदा गेला. रॅम पुसली, आला. तेव्हापासून काम असो-नसो, पावसाळ्यात मशीन रोज थोडा वेळ चालू ठेवते. तारीख एकदाही मागे गेलेली नाही. बायोसच्या सगळ्या पानांचे मोबाईलवर फोटो काढून ठेवलेत, म्हणजे पुढचा सेल संपेल तेव्हा कुठली सेटिंग काय होती हे शोधत बसायला नको. एसएमपीएस (वीजपुरवठ्याचा डबा) अजून मूळचाच आहे आणि त्याचा पंखा सकाळी आवाज करतो. दिवाळीच्या पत्रिकांची गर्दी सुरू होण्याआधी तो बदलून घेणार आहे.