नोकरी सांभाळून टेक्स्टाइल फिनिशिंगचा एनपीटीईएल कोर्स केला, त्याचा अनुभव

सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात प्रोसेसिंगला आहे. शिक्षण डिप्लोमापर्यंत. पुढं शिकायला नोकरी सोडून इचलकरंजी किंवा मुंबई गाठणं परवडणारं नव्हतं, म्हणून जुलैच्या सत्रात 'स्वयम'वर (सरकारचं ऑनलाइन शिक्षणाचं पोर्टल; एनपीटीईएलचे, म्हणजे आयआयटीवाल्यांचे कोर्स तिथंच असतात) आयआयटी दिल्लीचा टेक्स्टाइल फिनिशिंगचा, म्हणजे कापडाला मऊपणासारखे गुण द्यायच्या शेवटच्या प्रक्रियांचा कोर्स लावला.

आधी पैशांचं. व्हिडिओ, असाइनमेंट सगळं फुकट. सर्टिफिकेट हवं असेल तरच परीक्षेची फी; मी भरली तेव्हा हजार रुपये होती. (त्याआधी एका खासगी ॲपनं याच्या कितीतरी पट घेऊन हातात नुसत्या पीडीएफ ठेवल्या होत्या. असो.)

असाइनमेंटला 25 मार्क, केंद्रावर जाऊन द्यायच्या परीक्षेला 75. पास व्हायला 25 पैकी 10 आणि 75 पैकी 30, दोन्ही वेगवेगळे लागतात. बारा आठवड्यांच्या कोर्सात चांगल्या आठच असाइनमेंट धरतात. रात्रपाळीचा आठवडा कोरडा गेला तरी चालतं, आमच्यासारख्यांना खरा आधार तोच. मुदत मात्र मुदत. ती नसती तर माझे व्हिडिओ आजही 'नंतर बघू'मध्येच पडले असते.

इंग्रजी जड जातं. वेग पाऊणपट करून ऐकायचो, अडलं की ट्रान्स्क्रिप्ट.

उपयोग कुठं झाला ते सांगतो. मऊपणासाठी सिलिकॉन सॉफ्टनर हात सैल सोडून द्यायची आमच्याकडे पद्धत. टॉवेल हाताला झकास लागतो, पण अंग पुसताना पाणी टिपतच नाही. कारण धाग्यावर बसलेला थर पाण्याला आत शिरू देत नाही. हे कळल्यावर तयार लॉटवर ड्रॉपरनं एकेक थेंब टाकून बघितला. पाच सेकंदांत मुरायला हवा; आमचा थेंब खुशाल उभा! मास्टर म्हणाले, "आजवर कुणी बोललं न्हाई की." तरी हायड्रोफिलिक, म्हणजे पाणी आत शिरू देणाऱ्या सॉफ्टनरची ट्रायल त्यांनीच लावली. महाग पडतो, त्यामुळे सध्या फक्त एक्स्पोर्टच्या मालाला वापरतो.

पगार वाढला नाही. सर्टिफिकेट बघून मालक 'छान' म्हणाले, तेवढंच. बढतीच्या आशेनं करणार असाल तर आधी साहेबांना विचारून घ्या. मशीनवर रोज हात असलेल्यानं मात्र जरूर करावा. नुसतं पुस्तकातून आलेल्याला अर्धं डोक्यावरून जाईल.

जानेवारीच्या सत्राला लावणाऱ्यांनी एवढं बघा: सुरुवातीचे दिवस गड्ड्यातच (आमच्या सिद्धेश्वराच्या जत्रेत) जातात. पहिली असाइनमेंट उघडली की लगेच देऊन टाका.