इंडियानापोलिसचं कम्बाइन: फीत चोख, घड्याळ बरं, गाजावाजा फार

पाचपैकी साडेतीन तारे. त्यातले दोन एकट्या वैद्यकीय तपासणीचे, एक मोजमापाचा, आणि उरलेला अर्धा टीव्हीवर चार दिवस चालणाऱ्या पळापळीचा. एनएफएल या अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक लीगचं स्काउटिंग कम्बाइन, म्हणजे निवडीआधीची नव्या खेळाडूंची सामूहिक चाचणी, ही मुळात 32 संघांसाठी चालवलेली सेवा आहे. कॉलेजचे तीनशेहून जास्त खेळाडू एका जागी आणायचे, सगळ्यांना एकच फूटपट्टी लावायची आणि एकाच दर्जाची तपासणी करायची. 1987 पासून हा कारभार इंडियानापोलिसला चालतो, सध्या लुकस ऑइल स्टेडियममध्ये, फेब्रुवारीच्या शेवटी. चाहते मात्र याला ड्राफ्टची, म्हणजे संघ पाळीपाळीने नवे खेळाडू उचलतात त्या निवडीची, गुणपत्रिका समजतात आणि तिथेच फसतात.

आधी आकडे वाचायचे कसे, ते पाहू. स्काउटच्या, म्हणजे संघासाठी खेळाडू हेरणाऱ्याच्या, कागदावर उंची चार अंकांत लिहिलेली असते. पहिला अंक फूट, पुढचे दोन इंच, शेवटचा अष्टमांश इंच. 5101 म्हणजे पाच फूट दहा पूर्णांक एक अष्टमांश इंच. 2023 मध्ये क्वार्टरबॅक (चेंडू फेकून चाल चालवणारा) ब्राइस यंगची उंची हीच भरली, वजन 204 पौंड, आणि तरीही कॅरोलायनाने त्याला पहिल्या क्रमांकावर उचललं. कॉलेजच्या कार्यक्रमपत्रिकेत उंची बहुधा इंच-दोन इंच फुगवलेली असते. कम्बाइनची फीत ती हवा काढून टाकते, आणि या सेवेचा सगळ्यात निर्विवाद फायदा हाच.

पण त्या फितीलाही खोट आहेच. हाताची लांबी खांद्याच्या हाडाच्या टोकापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत मोजतात. ते हाड बोटाने चाचपून शोधावं लागतं. मोजणाऱ्याचं बोट किंचित सरकलं की आकडा बदलला. 2025 मध्ये एलएसयूच्या (लुइझियाना स्टेट विद्यापीठाच्या) विल कॅम्पबेलचा हात इंडियानापोलिसला 32 पूर्णांक पाच अष्टमांश इंच भरला आणि प्रो डेला, म्हणजे कॉलेजने आपल्याच मैदानावर घेतलेल्या चाचणीला, बरोबर 33. डाव्या टॅकलला (क्वार्टरबॅकला वाचवणाऱ्या रांगेतल्या टोकाच्या गड्याला) 33 इंच हवेतच, असा स्काउटांचा जुना दंडक आहे. म्हणजे ‘हा टॅकल नाही, गार्डच’ (टोकाचा नाही, आतल्या बाजूचाच) असा जो महिनाभर वाद रंगला तो तीन अष्टमांश इंचावर, एक सेंटिमीटरही नाही. न्यू इंग्लंडने त्याला चौथ्या क्रमांकावर घेऊन डाव्या टॅकललाच उभं केलं. अशा वेळी आकडा बाजूला ठेवून सामन्यांच्या चित्रफितीत एकच गोष्ट बघायची: लांब हाताचा डिफेन्सिव्ह एंड (बचाव फळीच्या टोकावरून क्वार्टरबॅकवर धावून येणारा) छातीवर पहिला हात टेकवतो तेव्हा या माणसाचे पाय थांबतात का? कमी लांबीचं नुकसान तिथेच दिसतं, फितीवर नाही.

क्वार्टरबॅकच्या पंजाचं माप हा तर दरवर्षीचा शिमगा. पंजा ताणून अंगठ्याच्या टोकापासून करंगळीच्या टोकापर्यंत मोजतात. 2020 मध्ये जो बरोचा पंजा नऊ इंच भरल्यावर लोकांनी कपाळाला हात लावला, सिनसिनाटीने मात्र त्याला पहिला क्रमांक दिला. केनी पिकेटचा 2022 मध्ये साडेआठ इंच भरला आणि प्रो डेला एक अष्टमांश वाढला. पिट्सबर्गने त्याला विसाव्या क्रमांकावर घेतलं. त्या वर्षी पहिल्या फेरीत गेलेला तो एकमेव क्वार्टरबॅक, वासरांत लंगडी गाय शहाणी तशातला प्रकार. दोन हंगामांत पिट्सबर्गने त्याला दुसऱ्या संघाला देऊन टाकलं ते पंजासाठी नव्हे. गर्दीत पाय ठाम ठेवून चेंडू वेळेवर सुटत नव्हता म्हणून. पंजाचा आकडा वाचावा आणि विसरावा.

आता चाळीस यार्ड. सगळे हेच बघायला बसतात आणि गैरसमजही सगळ्यात जास्त याचेच. खेळाडू एक हात जमिनीवर टेकवून तीन टेकूंच्या पवित्र्यात बसतो. पिस्तूल नाही, बझर नाही. तो हलला की माणूस हाताने घड्याळ सुरू करतो, आणि शेवटी किरण तुटला की ते यंत्राने थांबतं. म्हणून ही वेळ धावपटूंच्या वेळांशी ताडून पाहण्यात अर्थ नाही. इथे आवाज ऐकून हलण्याचा वेळ धरलेलाच नाही. प्रत्येकाला दोन प्रयत्न मिळतात. 2024 मध्ये टेक्ससचा झेवियर वर्दी 4.21 सेकंदांत धावला आणि जॉन रॉसचा 2017 मधला 4.22 चा विक्रम मोडला. रॉस नवव्या क्रमांकावर सिनसिनाटीला गेला आणि पहिल्या हंगामात त्याच्या नावावर एकही झेल नव्हता. वर्दी 28 व्या क्रमांकावर कॅन्सस सिटीला गेला, वजन जेमतेम 165 पौंड, आणि तिथे पहिल्याच वर्षी कामाला लागला. एका शतांशाचा फरक, नशिबं दोन टोकांची. फरक पडला तो प्रकृतीने आणि संघाने.

चाळीसमधला खरा माल पहिल्या दहा यार्डांत आहे. लाइनमन, म्हणजे समोरासमोरच्या रांगेतला धिप्पाड गडी, सामन्यात चाळीस यार्ड धावतो तो चेंडू हातातून निसटून उलटीकडे पळाला तरच. त्याची पहिली तीन पावलं मोजायची. 300 पौंडांच्या माणसाने दहा यार्ड 1.75 सेकंदांच्या आत काढले तर थांबून पुन्हा बघावं. रिसीव्हर (फेकलेला चेंडू झेलणारा) आणि कॉर्नरबॅकमध्ये (त्याला अडवणाऱ्यात) दीड सेकंदाच्या आसपासचा आकडा शोधावा. मात्र जानेवारीपासून प्रशिक्षण केंद्रात खेळाडूंना नेमकी हीच सुरुवात घोटून घेतात: मागचा पाय कुठे, वजन बोटांवर किती, पहिलं पाऊल किती लांब. त्यामुळे चांगला दहाचा आकडा आणि सामन्यातली संथ सुरुवात असं जोडीने दिसलं तर सामन्यावर विश्वास ठेवावा.

रनिंग बॅकसाठी (चेंडू घेऊन पळणाऱ्यासाठी) नुसती वेळ पाहूच नये. वजन गुणिले 200, भागिले वेळेचा चौथा घात, असं ‘स्पीड स्कोअर’चं सूत्र आहे, शंभर म्हणजे साधारण. 190 पौंडांचा माणूस 4.40 मध्ये धावला तर उत्तर 101 च्या आसपास. 220 पौंडांचा 4.50 मध्ये धावला तर 107. मथळा पहिल्याला मिळतो, पण पकड मोडून पुढे जाण्याची शक्यता दुसऱ्याची जास्त. मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर अर्ध्या मिनिटाचं काम आहे.

माझ्या मते सगळ्यात कमी बघितली जाणारी आणि सगळ्यात जास्त बोलणारी चाचणी म्हणजे तीन शंकू. इंग्रजी एल अक्षरासारखे पाच-पाच यार्डांवर तीन शंकू, एकूण तीस यार्ड: जा, परत ये, पुन्हा जा, वळसा घाल, तिसऱ्याला गोल फिरून परत. कमरेत किती वाकता येतं आणि वेग न गमावता दिशा कशी बदलते, हे इथे लपत नाही. कूपर कपने 2017 मध्ये चाळीस यार्डांना 4.62 घेतले आणि तो 69 वा निवडला गेला. पण त्याचे तीन शंकू 6.75 मध्ये झाले होते. 2021 च्या हंगामात झेल, यार्ड आणि टचडाउन या तिन्हींत लीगमध्ये पहिला तोच. उलट डीके मेटकाफ, 228 पौंड, 2019 मध्ये चाळीस यार्ड 4.33 मध्ये उडाला, पण शंकूंना 7.38 लागले. टॉम ब्रेडीने 2000 मध्ये 7.20 घेतले होते, आणि ब्रेडीला चपळ कुणीच म्हणत नाही. म्हणून मेटकाफ वाया गेला का? नाही. सिअॅटलने 64 व्या क्रमांकावर घेऊन त्याला सरळ रेषेतल्या धावा दिल्या आणि त्याचं सोनं केलं. संथ शंकू म्हणजे नकार नव्हे. या माणसाला कुठले रूट (धावण्याचे ठरलेले मार्ग) द्यायचे नाहीत, एवढंच त्यातून कळतं.

उड्यांबद्दल थोडक्यात. उभ्या उडीत आधी हात वर करून उभ्याने किती पोचतो ते मोजतात आणि मग उडीच्या उंचीतून ते वजा करतात. उभ्याने मोजताना ज्याने खांदा जरा आत ओढला, त्याची उडी फुकटात इंचभर वाढली. लांब उडीत ही चलाखी चालत नाही, म्हणून दोन्हींत तफावत दिसली तर लांब उडीचं खरं माना.

बेंच प्रेस, म्हणजे 225 पौंड किती वेळा उचलले, हा आकडा सरळ सोडून द्या. लांब हाताच्या माणसाला दांडी जास्त अंतर ढकलावी लागते, आणि टॅकलला हवेत तर लांबच हात. ऑर्लँडो ब्राउनने 2018 मध्ये 14 वेळा उचलले, चाळीसला 5.85 घेतले, तिसऱ्या फेरीपर्यंत घसरला आणि पुढे चार वेळा प्रो बोलमध्ये, म्हणजे हंगामातल्या निवडक खेळाडूंच्या मानाच्या यादीत, गेला. व्हर्नन गोल्स्टनने 2008 मध्ये 37 वेळा उचलले, सहाव्या क्रमांकावर जेट्सला गेला आणि अख्ख्या कारकिर्दीत एकही सॅक (क्वार्टरबॅकला फेकीआधीच पाडणं) नाही.

मैदानावरच्या कवायतींत दोन आवर्जून बघाव्यात. एक, रिसीव्हरचं ‘गाँटलेट’: मैदानाच्या आडव्या रेषेवरून धावत डाव्या-उजव्या बाजूंनी येणारे चेंडू झेलायचे. झेल किती सुटले ते मोजत बसू नका. चेंडू छातीला लावून घेतो की पुढे हात काढून बोटांत घेतो, आणि दर झेलानंतर रेषेपासून किती भरकटतो, ते बघा. दुसरी, ऑफेन्सिव्ह लाइनमनची समोरच्याच्या हालचालीची नक्कल करण्याची कवायत. त्यात पायात पाय अडकला किंवा कंबर उंच झाली की पुढचं भविष्य बरंचसं कळतं. लाइनमनचा दिवस बहुधा शेवटचा, रविवारचा. तोवर अर्धे प्रेक्षक उठून गेलेले असतात.

क्वार्टरबॅकची फेक मात्र शोभेचीच जास्त. समोर बचाव नाही, अंगावर पॅड नाहीत, रिसीव्हर अनोळखी. अँथनी रिचर्डसन 2023 मध्ये 244 पौंडांचा असून 4.43 मध्ये धावला, साडेचाळीस इंच उडाला. क्वार्टरबॅकमध्ये अशी उडी कुणाचीच नव्हती. पण फ्लॉरिडाकडून आधीच्या हंगामात त्याच्या 53.8 टक्केच फेका पूर्ण झाल्या होत्या. इंडियानापोलिसने त्याला चौथ्या क्रमांकावर घेतलं, आणि 2024 मध्ये एनएफएलमध्ये हा आकडा 47.7 वर आला. अचूकतेचा प्रश्न शॉर्ट्स घालून सुटत नाही.

आता ते दोन तारे. वैद्यकीय तपासणी कॅमेऱ्यासमोर होत नाही, म्हणून तिच्याबद्दल कुणी बोलत नाही. पण कम्बाइन मुळात सुरू झालं ते याचसाठी. 2018 मध्ये मिशिगनच्या मॉरिस हर्स्टच्या हृदयाची तक्रार इथे निघाली, त्याला कवायती करू दिल्या नाहीत आणि पहिल्या फेरीचा समजला जाणारा खेळाडू पाचव्या फेरीत गेला. 2025 मध्ये अब्दुल कार्टरच्या पायाच्या हाडावरचा ताण इथेच दिसला. जायंट्सनी विचार करून तरी तिसऱ्या क्रमांकावर घेतलं. एप्रिलमध्ये काही खेळाडूंना पुन्हा तपासणीला बोलावतात. ड्राफ्टच्या आठवड्यात कुणी अचानक घसरायला लागला तर आधी ती फेरतपासणी आठवावी, चारित्र्याच्या अफवा नंतर.

मुलाखतींवर मर्यादा आहे: प्रत्येक संघाला 45, प्रत्येकी ठरावीक मिनिटं. बाहेर काहीच येत नाही, त्यामुळे चाहत्याला उपयोग शून्य. ‘अमुक संघ अमक्याला भेटला’ ही बातमी म्हणून वाचू नये. 45 जणांना भेटतातच.

दीड तारा जिथे कापला ते कारण म्हणजे गैरहजेरी. अव्वल खेळाडू इथे फक्त वजन द्यायला येतात. मार्विन हॅरिसन ज्युनियर 2024 मध्ये ना इथे धावला, ना प्रो डेला, आणि चौथ्या क्रमांकावर अॅरिझोनाला गेला. केलेब विल्यम्सने तर वैद्यकीय तपासणीही नाकारली आणि तरी पहिला निवडला गेला. 2025 मध्ये कॅम वॉर्ड आणि शेड्युअर सँडर्स दोघांनीही इथे चेंडू फेकला नाही. एक पहिल्या क्रमांकावर, दुसरा थेट 144 व्या. पैशातला फरक म्हणजे चार वर्षांचे सुमारे 4.88 कोटी डॉलर विरुद्ध 46 लाखांच्या आसपास. ज्याच्याकडे गमावण्यासारखं आहे तो धावत नाही, ज्याला कमवायचंय तोच धावतो. साहजिक आहे, पण त्यामुळे यादीच्या वरच्या टोकालाच आकडे विरळ होतात आणि तुलनेची सगळी मजा जाते. रॅम्सचे प्रशिक्षक शॉन मॅक्वे तर अलीकडे स्वतः इंडियानापोलिसला जातच नाहीत. त्याच संघाने 2023 मध्ये पुका नकुआला 177 व्या क्रमांकावर घेतलं, आणि त्याने पहिल्याच वर्षी 105 झेल आणि 1,486 यार्ड काढले.

इथे न धावलेल्यांचे आकडे मार्चमध्ये प्रो डेला येतात. ते आपल्याच मैदानावर, आपल्या सोयीच्या वेळी आणि हातातल्या घड्याळावर घेतलेले असतात. त्यामुळे कम्बाइनच्या 4.45 शेजारी प्रो डेचे 4.40 ठेवून कुणाला वेगवान ठरवू नका. वहीत दोन रकाने करा, आणि प्रो डेच्या रकान्यातली वेळ पेन्सिलीने लिहा.