मे महिन्यातला पाहुणा: वेरूळ की अजिंठा?

छत्रपती संभाजीनगरात राहणाऱ्याला सुट्टीत हा फोन येतोच. "दोन दिवस येतोय रे, लेणी दाखव." लेणी म्हणजे कुठली, हे फोन करणाऱ्याला ठाऊक नसतं. वेरूळ आणि अजिंठा एकमेकांना खेटून असतील, सकाळी एक बघू आणि दुपारी दुसरं, असा त्याचा हिशेब असतो. प्रत्यक्षात शहरापासून वेरूळ साधारण 30 किलोमीटर, तर अजिंठा 100 च्या आसपास, आणि तेही वेगळ्या दिशेला. उन्हाळ्यात दोन्ही एका दिवसात करायचा हट्ट धरणाऱ्याला मी सरळ नाही म्हणतो. मग उरतो निवड करण्याचा प्रश्न.

पावसाळ्यात विचारलं असतं तर मी डोळे मिटून अजिंठा सांगितलं असतं. वाघूर भरून वाहते, नालाकृती दरी हिरवीगार होते, धबधबा कोसळत असतो. मे महिन्यात तीच दरी भाजलेल्या भाकरीच्या रंगाची होते. नदीत दगडगोटे उरतात आणि कातळ तापला की समोरून झळा येतात, तशा मागूनही येतात. अजिंठा गावापासून घाट उतरलात की तुम्ही जवळजवळ खानदेशात असता, आणि खानदेशच्या उन्हाबद्दल जळगावकरांना विचारा.

पण माझ्या मते निकाल उन्हापेक्षा घड्याळाने लागतो. वेरूळची लेणी सूर्योदयाच्या सुमारास उघडतात, अजिंठ्याची 9 वाजता. मे महिन्यात ही तीन तासांची तफावत म्हणजे सगळा खेळ आहे. वेरूळला साडेपाचला घरून निघालात तर साडेसहाच्या आत फाटकावर असता. शिवाय तिथली लेणी पश्चिमेकडे तोंड करून आहेत, म्हणजे सकाळी डोंगराचीच सावली त्यांच्यावर पडते. कैलास लेण्याच्या मागचा कडा सुमारे 100 फूट उंच कापलेला आहे. सूर्य त्याच्या माथ्यावर येईपर्यंत अंगणात गारवा असतो, कबुतरं घुमत असतात आणि माणसं फारशी नसतात. आठव्या शतकात, राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळात, हे देऊळ वरून खाली कोरत आणलं. हे वाक्य सगळ्यांनी शाळेत पाठ केलेलं असतं. पण त्या अंगणात उभं राहून पाहुण्याला मान वर करायला लावा आणि विचारा, "पहिला घाव कुठे घातला असेल?" माझा रत्नागिरीचा मित्र पाच मिनिटं काही बोलला नाही. एरवी तो झोपेतही बोलतो.

अजिंठ्याला मात्र कितीही पहाटे उठा, 9 च्या आधी आत पाऊल पडत नाही. फर्दापूरच्या टी पॉइंटला गाडी लावायची, खड्यांचे दगड घेऊन मागे लागणाऱ्या विक्रेत्यांमधून वाट काढायची, तिथून बसने लेण्यांच्या पायथ्याशी जायचं, मग पायऱ्या. पहिल्या लेण्याशी पोचेपर्यंत साडेनऊ झालेले असतात आणि ऊन डोक्यावर चढायला लागलेलं असतं. सगळ्यात वाईट वाटतं ते 26 व्या लेण्याचं. तिथला महापरिनिर्वाणाचा बुद्ध, सुमारे 7 मीटर लांब, उशीवर डोकं टेकून पहुडलेला, हा माझ्या दृष्टीने दोन्ही ठिकाणच्या शिल्पांतला सगळ्यात शांत चेहरा. पण तो अगदी पलीकडच्या टोकाला आहे. तिथे पोचेपर्यंत साडेबारा होतात आणि पाहुणा "इथूनच दिसतंय की" म्हणायला लागतो.

तरी अजिंठ्याच्या बाजूने बोलायला हवं, नाहीतर अन्याय होईल. पाहुण्याला चित्रांची आवड असेल तर वेरूळ त्याची भूक भागवणार नाही. पहिल्या लेण्यात गाभाऱ्याच्या डाव्या हाताला पद्मपाणी आहे. हातात कमळ, पापण्या झुकलेल्या. त्याचं छापील चित्र हजार वेळा पाहिलं असलं तरी भिंतीवरचा वेगळा. उन्हाळ्यात इथे एक अडचण येते, ती कुणी सांगत नाही. बाहेरच्या लखलखाटातून एकदम आत शिरलं की काही म्हणजे काही दिसत नाही. लोक अंधारात दोन चकरा मारतात आणि "रंग उडालेत सगळे" म्हणून बाहेर पडतात. आत गेल्यावर दोन मिनिटं डोळे मिटून उभं राहायला सांगा, मग रंग हळूहळू वर येतात. दुसरं म्हणजे पायमोजे. चित्रांच्या लेण्यांत चपला बाहेर काढाव्या लागतात आणि दाराशी तापलेल्या फरशीवर पाय ठेवला की माणूस नाचतो. जाड पायमोजे खिशात असू द्या.

गंमत अशी की जॉन स्मिथ नावाचा इंग्रज अधिकारी वाघाच्या मागावर इथे आला तोही ऐन उन्हाळ्यातच. 28 एप्रिल 1819 ही तारीख त्याने दहाव्या लेण्याच्या खांबावर स्वतःच्या नावासकट कोरून ठेवली. ती आता डोक्याच्या वर दिसते, कारण तेव्हा लेण्यात मातीचा ढिगारा साचलेला होता आणि तो त्यावर उभा होता. पाहुण्याने उन्हाबद्दल कुरकुर केली की मी त्याला स्मिथची गोष्ट सांगतो. उपयोग होत नाही.

सोबत म्हातारं माणूस असेल तर? अजिंठ्याला डोलीवाले मिळतात, पण डोलीत बसलेल्याच्या डोक्यावरचं ऊन काही कमी होत नाही. वेरूळला कैलास फाटकासमोरच आहे. जैन लेणी लांब पडतात, तिथे गाडीने जायचं. बाकी लेण्यांपैकी दहावं, ज्याला लोक सुताराची झोपडी म्हणतात, तेवढं चुकवू नका. छताच्या दगडी फासळ्या थेट लाकडाच्या वाटतात. साडेदहापर्यंत हे सगळं आटोपतं. मग घृष्णेश्वराचं दर्शन, आणि शिवरायांच्या घराण्याबद्दल ओढ असलेल्यासाठी वेरुळातलीच भोसल्यांची गढी. दौलताबादचा किल्ला वाटेवरच आहे, पण मे महिन्यात परतताना तो चढू नका. रत्नागिरीकराने तेच केलं. "इकडे घामच येत नाही, मस्त आहे," म्हणत अर्धा किल्ला चढला. घाम येत होताच, कोरड्या हवेत तो लगेच सुकत होता एवढंच. दुपारी डोकं धरून आडवा झाला तो संध्याकाळी मीठ-साखरेच्या पाण्यावर उठला. कोकणातल्या माणसाला हे आधीच सांगायला हवं होतं, चूक माझी.

म्हणून एकच दिवस असेल तर माझं मत वेरूळला. बाराच्या आत घरी, जेवणात केशर आंब्याचा रस, पडदे ओढून झोप. संध्याकाळी पाणचक्की किंवा बीबी का मकबरा, आणि पाहुणा मांसाहारी असेल तर रात्री जुन्या शहरात नान खलिया. अजिंठ्याच्या दिवशी यातलं काहीच होत नाही. जाऊन येऊनच पाच-सहा तास मोडतात आणि परतल्यावर बोलायचंही त्राण उरत नाही.

दोन दिवस असतील आणि पाहुणा मुंबईकडून रेल्वेने येत असेल, तर त्याला थेट शहरात बोलावूच नका. जळगावला उतरवा. रात्री मुंबईहून निघणाऱ्या बऱ्याच गाड्या पहाटे तिथे पोचतात. जळगावहून फर्दापूर साधारण 60 किलोमीटर, एसटी मिळते. तुम्ही इकडून गाडी घेऊन निघा, टी पॉइंटला भेटा, सामान डिकीत टाका आणि 9 ला फाटकावर हजर राहा. अजिंठा येतानाच उरकतो, वेरूळ दुसऱ्या पहाटे.

फक्त वार बघून तिकीट काढायला सांगा. अजिंठा सोमवारी बंद, वेरूळ मंगळवारी. हे मला, इथे जन्मलेल्याला, एका मंगळवारी सकाळी सव्वासहाला वेरूळच्या बंद फाटकासमोर आठवलं होतं. पाहुणा गाडीत मागे झोपलेला होता. त्याला उठवायच्या आधी मी टपरीवर दोन चहा प्यायलो.