डोक्याला मार लागलेल्या माणसाचा अंगठा घेऊन गेले! क्लेम मिळवून देणाऱ्या एजंटांपासून सांभाळा

माझे दाजी सेंटरिंगचं, म्हणजे स्लॅबखाली फळ्या-टेकू लावायचं काम करायचे. 2024 च्या पावसाळ्यात पुण्याजवळच्या एका साइटवर परांचीवरून खाली आले. ना हेल्मेट, ना बेल्ट. मेंदूत रक्तस्राव, रात्रीतून ऑपरेशन, कवटीचा तुकडा काढून ठेवलेला. न्यूरोच्या आयसीयूबाहेर ज्यांनी रात्री काढल्यात त्यांना पुढचं सांगायला नको.

तिथे क्लेमवाले कसे घिरट्या घालतात तेही तुम्हाला ठाऊक असेल. आमच्या वाट्याला आलेला काखेत फाइल मारून फिरणारा, ताईला 'माउली' आणि मला 'साहेब' म्हणणारा. वकील आहे असं कधीच म्हणाला नाही, नुसतं 'आमच्या ऑफिसातून करून घेऊ'. फाइल खर्चाचे 8,500 रोख घेतले. मेडिकल बोर्डाचे म्हणून 22,000. मग 'वरती द्यावे लागतात' म्हणून 40,000, तेही फोनवरून भलत्याच नावाच्या खात्यावर. एकूण 70,500. ताईचं गंठण मोडून.

मी पतसंस्थेत कारकून आहे, दिवसभर लोकांच्या सह्या पडताळतो. हसा खुशाल. पण औषधाची चिठ्ठी दर चार तासांनी हातात येत होती, कंत्राटदार फोन उचलत नव्हता, आणि तो सुटाबुटातला कंत्राटदार या माणसाच्या एका फोनवर खाली पार्किंगमध्ये येऊन उभा राहिला. अशा वेळी तुम्ही काय केलं असतं?

राग येतो तो दुसऱ्याच गोष्टीचा. या माणसाने दाजींचं वय विचारलं नाही. हजेरी, म्हणजे रोजची मजुरी, किती तेही नाही. दाजींच्या अपघाताला लागू असलेल्या 1923 च्या कर्मचारी नुकसानभरपाई कायद्यात सगळा हिशोबच या दोन आकड्यांवर आहे. दाजी 40 वर्षांचे, हजेरी 800. महिन्याचा पगार कितीही असो, तेव्हा हिशोबाला 15,000 पर्यंतच धरत. कायमचं पूर्ण अपंगत्व असेल तर त्याचे 60 टक्के म्हणजे 9,000, गुणिले कायद्यात वयानुसार दिलेला चाळिशीचा गुणांक 184.17. झाले 16,57,530. डोक्याच्या दुखापतीला हात-बोटं तुटल्यासारखी ठरलेली टक्केवारी कायद्याच्या तक्त्यात नाही. कमाईची ताकद किती गेली ते डॉक्टर ठरवतो. 70 टक्के धरली तरी 11,60,271 होतात. दवाखान्याचा खर्च वेगळा मिळतो. जो क्लेम करणार तो पहिल्या भेटीत आधार कार्ड मागेल, हजेरी विचारेल. याने मागितला तो 500 चा कोरा स्टॅम्पपेपर.

आणि अंगठा. दाजींची सही मोत्यासारखी होती. तेव्हा हात थरथरायचा म्हणून यानेच स्टॅम्पपॅड काढलं. दाजी त्याच्याकडे बघून म्हणाले, "स्लॅब पिकला का? सेंटरिंग कधी काढायचं?" तो म्हणाला, "हो हो, पिकला, अंगठा द्या." मी पलंगाच्या या बाजूला उभा होतो. ज्याला आपण दवाखान्यात आहोत हे कळत नाही, त्याचा अंगठा कसला घेता, एवढं तोंडातून निघालं नाही. नोटरी म्हणे खाली गाडीत बसलेत. आम्ही त्यांना पाहिलंसुद्धा नाही.

हातात पडले 1,75,000. 'पहिला हप्ता' म्हणाला. नंतर फोन बंद. खऱ्या वकिलांमार्फत कंत्राटदाराला नोटीस दिली तेव्हा उत्तरासोबत त्या स्टॅम्पपेपरची झेरॉक्स आली: 'रु. 4,00,000 रोख मिळाले, यापुढे काहीही मागणे नाही.' मधले 2,25,000 कुठे गेले ते तुम्हीच समजा.

पोलीस चौकीत गेलो. हॉस्पिटल एका हद्दीत, साइट दुसऱ्या, नोटरीचा शिक्का तिसऱ्या. तिघांनी एकमेकांकडे टोलवलं. भारतीय न्याय संहितेचं कलम 318 फसवणुकीसाठीच आहे, आणि गुन्हा कुठल्याही हद्दीतला असो, तक्रार नोंदवून घ्यायची असं नव्या नागरिक सुरक्षा संहितेत लिहिलंय. ते वाचून दाखवलं तर हवालदार म्हणाले, "तुम्ही वकील आहात का?" वर, "अंगठा दिलाय ना? मग हे सिव्हिल मॅटर." सायबर फसवणुकीच्या 1930 हेल्पलाइनवर फोन केला तर तुम्ही स्वतःहून पाठवलेत म्हणे. कामगारांच्या सरकारी ऑफिसात साहेब कायम व्हिजिटला. एका बाईंनी तर ताईलाच सुनावलं, "नवऱ्याला बेल्ट लावायला सांगायचं ना." बाई, बेल्ट देणं मालकाचं काम! आणि माणूस कायमचा पूर्ण निकामी झाला असेल तर त्याच्याच चुकीचं निमित्त 1923 च्या कायद्यात चालत नाही, एवढं तुम्हाला माहीत नसेल तर खुर्चीत कशाला बसता? वकिलांच्या परिषदेकडे तक्रार करायची म्हटलं तर तो वकीलच नाही.

पगारातून ईएसआय (कामगार राज्य विमा) कापला जात असेल तर तुमचा रस्ता वेगळा, तिकडेच जा. आमच्याकडे तसलं काही नव्हतं. कंत्राटदार हात वर करतोय? मूळ बिल्डरलाही पार्टी करा, 1923 च्या कायद्याचं कलम 12. दोन वर्षांच्या आत अर्ज टाका. महाराष्ट्रात तो कामगार न्यायालयात जातो, आणि साइट कुठेही असली तरी तुम्ही राहता तिथे टाकता येतो. एमएलसीत, म्हणजे दवाखान्याने पोलिसांसाठी केलेल्या नोंदीत, 'घरी घसरून पडले' असं लिहायला कुणी सांगितलं तर तिथल्या तिथे भांडा. महिन्याभरात मालकाने पैसे दिले नाहीत तर 12 टक्के व्याज लागतं, वर 50 टक्क्यांपर्यंत दंड होऊ शकतो. म्हणूनच त्यांना अंगठ्याची घाई असते. अपंगत्वाच्या दाखल्याला 22,000 लागत नाहीत. 21 नोव्हेंबर 2025 पासून नवी सामाजिक सुरक्षा संहिता आलीय, त्यानंतरचा अपघात असेल तर वकिलाला तसं आधी सांगा.

आमचा अर्ज मुदतीत पडलाय. कंत्राटदाराच्या वकिलाने त्याच स्टॅम्पपेपरवरचं प्रतिज्ञापत्र जोडलं. आमच्या वकीलबाईंचं म्हणणं, ज्याला समज नाही अशा कामगाराची एकरकमी भरपाई कमिशनरकडेच, म्हणजे इथे कामगार न्यायालयाकडेच, भरावी लागते, परस्पर दिलेली धरलीच जात नाही, 1923 च्या कायद्याचं कलम 8; आणि हक्क सोडल्याचा कागद कलम 17 खाली रद्दबातल. पुढच्या तारखेला यावर युक्तिवाद आहे. गंठण मोडून दिलेले 70,500 मात्र त्या अर्जात कुठेच बसत नाहीत.