एनरोल्ड एजंट परीक्षा: पैसे वसूल, पण नाव आणि तारखा सांभाळा

अमेरिकी कराच्या कामात दीर्घ कारकीर्द करायची असेल, तर एनरोल्ड एजंट म्हणजे ईए ही पात्रता सगळ्यात कमी खर्चात मिळते. आयआरएस म्हणजे अमेरिकेच्या करखात्यासमोर कुठल्याही करदात्याची, कुठल्याही कर-प्रश्नावर बाजू मांडायचा अधिकार वकील आणि सीपीए (अमेरिकी सनदी लेखापाल) यांच्याबरोबर ईएला असतो. त्यासाठी अमेरिकी नागरिकत्व लागत नाही. पदवीचीही अट नाही. या पदाचं मूळ १८८४ सालच्या कायद्यात आहे. यादवी युद्धात गेलेल्या घोड्यांची भरपाई मागणाऱ्या दलालांनी इतका खोटेपणा केला, की सरकारला त्यांच्यावर लगाम घालावा लागला. घोडे गेले, एजंट राहिले.

हे परीक्षण मे २०२५ ते फेब्रुवारी २०२६ या फेरीचं आहे. या फेरीची परीक्षा प्रोमेट्रिक या परीक्षा घेणाऱ्या कंपनीच्या केंद्रांवर होते.

आधी खर्च. तीन भाग, प्रत्येकी २६७ डॉलर, म्हणजे ८०१. शेवटी नोंदणीचा फॉर्म २३ भरताना १४० डॉलर आणि पीटीआयएनचे (विवरणपत्र तयार करणाऱ्याला आयआरएस देतं तो क्रमांक) साधारण १९. बेरीज ९६० डॉलर, ८५ रुपये दराने ८१ हजार ६००. हा फक्त सरकारी खर्च झाला, क्लासचा वेगळा. नापास झाल्यावर त्या भागाचे पैसे पुन्हा भरायचे, आणि एका फेरीत एका भागाला चारच वेळा बसता येतं. तारीख ३० दिवस आधी बदलली तर फुकट, ५ ते २९ दिवस आधी ३५ डॉलर, त्याहून उशिरा बदललीत तर पूर्ण शुल्क नव्याने.

मराठी मुलींची सगळ्यात जास्त अडचण अभ्यासात होत नाही, नावात होते. आपल्याकडे लग्नानंतर आडनावाबरोबर मधलं नावही बदलतं. पॅनवर सासरचं नाव, पासपोर्टवर माहेरचं, पदवीवर तिसरंच स्पेलिंग. त्यातून पासपोर्टवर वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव ‘गिव्हन नेम’च्या रकान्यात पहिल्या नावाला चिकटून येतं, आणि अमेरिकी फॉर्ममध्ये पहिलं, मधलं, शेवटचं असे तीन वेगळे रकाने असतात. केंद्रावर ओळखपत्रावरचं नाव आणि नोंदणीतलं नाव जुळलं नाही तर आत सोडत नाहीत आणि शुल्कही बुडतं. म्हणून क्रम असा ठेवावा: पासपोर्ट आधी हव्या त्या नावाचा करून घ्यायचा, मग त्याच स्पेलिंगने पीटीआयएन, मग परीक्षेची नोंदणी. वर्षभरात लग्न ठरलेलं असेल तर तिन्ही भाग एकाच नावावर उरकावेत.

पीटीआयएनला वेळ लागतो. सोशल सिक्युरिटी नंबर नसलेल्यांना अर्जासोबत फॉर्म ८९४६ आणि ओळखीची कागदपत्रं पाठवावी लागतात. कोपऱ्यावरच्या नोटरीचा साधा शिक्का इथे पुरेसा धरू नका; परदेशी नोटरी हेग कराराच्या चौकटीतच मान्य आहे, म्हणजे अपॉस्टिलची (कागद परदेशात मान्य व्हावा म्हणून सरकार देतं त्या प्रमाणपत्राची) तयारी ठेवावी. सहा आठवडे हाताशी धरा. जानेवारीत जाग आली तर फेब्रुवारीअखेरची फेरी गेलीच म्हणून समजा.

प्रत्येक भागात १०० बहुपर्यायी प्रश्न आणि साडेतीन तास. त्यातल्या ८५ प्रश्नांचेच गुण धरतात, उरलेले १५ चाचणीसाठी घातलेले असतात, पण कोणते ते कळत नाही. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, म्हणून एकही रिकामं सोडू नये. ५० प्रश्नांनंतर १५ मिनिटांची सुट्टी मिळते, पण ती घेण्याआधी पहिला अर्धा भाग बंद होतो आणि मागे फिरता येत नाही. खूण करून ठेवलेले प्रश्न त्याआधीच संपवा. निकाल ४० ते १३० या मापावर लागतो, उत्तीर्ण व्हायला १०५ हवेत. पास झालात तर फक्त ‘पास’ दिसतं, गुण कळत नाहीत. नापास झालात तर गुण आणि कुठे कच्चे आहात तेही सांगतात.

पहिला भाग व्यक्तीच्या कराचा. भारतातून आलेल्यांना दोन गोष्टी अडतात. एक म्हणजे फायलिंग स्टेटस, विवरणपत्र एकट्याचं की जोडीचं हा वर्ग. आपल्याकडे नवरा-बायकोचं एकत्र विवरणपत्रच नाही, त्यामुळे हेड ऑफ हाउसहोल्डचे (घर चालवणाऱ्या एकट्या माणसाचा वेगळा वर्ग) प्रश्न हमखास चुकतात. दुसरी, रहिवासाची मोजणी. आपले १८२ दिवस एप्रिल ते मार्चचे. तिथे कॅलेंडर वर्ष, आणि यंदाचे सगळे दिवस अधिक गेल्या वर्षीचे एक तृतीयांश अधिक त्याआधीच्या वर्षीचे एक षष्ठांश. ही बेरीज १८३ झाली की रहिवासी. दरवर्षी १२० दिवस राहिलेल्याचे १२० अधिक ४० अधिक २० म्हणजे १८० होतात, तो सुटला. १२२ दिवसवाला बरोबर १८३ वर अडकतो. प्रश्न नेमका या सीमेवर टाकतात. शिवाय यंदाचे निदान ३१ दिवस हवेत आणि एफ-१ व्हिसावरच्या विद्यार्थ्याची पाच कॅलेंडर वर्षं मोजायची नाहीत, हे दोन्ही ध्यानात ठेवावं.

दुसरा भाग धंद्याचा, आणि खरा कस इथेच लागतो. ८५पैकी ३० प्रश्न संस्थांच्या प्रकारांवर, ३७ धंद्याच्या कर-तयारीवर, १८ विशेष विवरणपत्रांवर. ज्यांना भारतीय हिशेब पक्के येतात त्यांनाच इथे जास्त त्रास होतो, कारण डोक्यातलं पुसावं लागतं. आपल्याकडे भागीदारी फर्म स्वतः कर भरते आणि भागीदाराचा नफ्यातला वाटा त्याच्या हातात करमुक्त असतो. अमेरिकेत फर्म सहसा कर भरत नाही. नफा वाटून घेतला नाही तरी तो भागीदाराच्या के-१ वर (त्याचा वाटा दाखवणाऱ्या तक्त्यावर) येतो. भागीदाराला पगार ही कल्पनाच नाही, त्याला गॅरंटीड पेमेंट म्हणतात आणि त्यावर १५.३ टक्के सेल्फ-एम्प्लॉयमेंट कर बसतो, तोही रकमेच्या ९२.३५ टक्क्यांवर.

घसाऱ्याचंही तेच. आपल्याकडे मालमत्तांचा ब्लॉक आणि १८० दिवसांपेक्षा कमी वापर असेल तर निम्मा दर. तिथे प्रत्येक वस्तूचा वेगळा हिशेब, संगणकाला ५ वर्षं, ऑफिसच्या फर्निचरला ७, भाड्याच्या घराला साडेसत्तावीस. वर्षाच्या शेवटच्या तीन महिन्यांत ४० टक्क्यांहून जास्त खरेदी झाली, की अर्ध्या वर्षाचा नियम (वस्तू वर्षाच्या मध्यावर घेतली असं धरण्याचा) जाऊन तिमाहीचा लागतो. ब्लॉकची सवय लागलेल्याच्या नजरेतून हाच नियम सुटतो. बेसिस (भागीदाराच्या हिश्श्याची करापुरती किंमत) हा विषय मात्र पाठ करू नये. के-१ समोर ठेवून भागीदाराचा बेसिस हाताने निदान दहा वेळा काढावा: भांडवल, अधिक नफा, अधिक कर्जातला वाटा, वजा उचल.

तिसरा भाग प्रतिनिधित्व आणि कार्यपद्धतीचा. आकडेमोड कमी म्हणून याला लोक आठवडाभराचा अभ्यास देतात आणि आपटतात. इथे सर्क्युलर २३० (आयआरएससमोर काम करणाऱ्यांची नियमावली) शब्दशः वाचावं लागतं. फॉर्म २८४८ ने बाजू मांडता येते, ८८२१ ने फक्त माहिती पाहता येते. कर ठरवायची मुदत ३ वर्षं, २५ टक्क्यांहून जास्त उत्पन्न दडवलं तर ६, वसुलीची १०. टॅक्स कोर्टात जायची मुदत ९० दिवस, पण नोटीस अमेरिकेबाहेरच्या पत्त्यावर गेली असेल तर १५०. नोकरीत असलेल्यांना पहिल्या भागाला १०० तास, दुसऱ्याला १२०, तिसऱ्याला ६० अशी वाटणी जमते.

या फेरीतला सापळा वेगळाच आहे. प्रश्न ३१ डिसेंबर २०२४ पर्यंतच्या कायद्यावर आहेत. जुलै २०२५ मध्ये मंजूर झालेला नवा करकायदा त्यात नाही. पण जानेवारी-फेब्रुवारी २०२६ मध्ये ऑफिसात २०२५ ची विवरणपत्रं चालू असतात, जिथे अविवाहिताची स्टँडर्ड डिडक्शन १५,७५० डॉलर लागते. परीक्षेत उत्तर १४,६००. दिवसभर एक आकडा टाइप करून संध्याकाळी दुसरा लिहायचा, हे दिसतं तितकं सोपं नाही. शक्य असेल तर सीझनआधी, डिसेंबरपर्यंत बसावं.

एखादा भाग उत्तीर्ण झाला की त्याचा निकाल ३ वर्षं जिवंत राहतो. पूर्वी ही मुदत २ वर्षं होती. बाळंतपण किंवा घरच्या आजारपणामुळे मध्ये थांबावं लागणाऱ्यांसाठी या परीक्षेतली ही सगळ्यात मोलाची सोय आहे. तिन्ही भाग झाल्यावर मात्र वर्षाच्या आत फॉर्म २३ भरायचा, हे विसरणारेही आहेत. पुढे तीन वर्षांच्या चक्रात ७२ तासांचं शिक्षण, दरवर्षी किमान १६, त्यात २ तास नीतीचे. पहिल्या अपुऱ्या चक्रात नोंदणीच्या महिन्यापासून दरमहा २ तास. रजेवर असलात तरी हे आपोआप माफ होत नाही, पण प्रकृतीसारख्या कारणासाठी कागदपत्रांसह सूट मागता येते. पीटीआयएनचं नूतनीकरण दरवर्षीचं, तेही रजेत चुकवू नये.

ईए काय देत नाही तेही स्पष्ट असावं. भारतात ऑडिटची सही करता येत नाही, अमेरिकेतही नाही. टॅक्स कोर्टात उभं राहायला वेगळी परीक्षा आहे. नावापुढे ‘सर्टिफाइड’ लावायला तर सर्क्युलर २३० ची स्पष्ट मनाई आहे, तरी लिंक्डइनवर ते सर्रास दिसतं. आणि भारत-अमेरिका व्यवहारांचं खरं काम परीक्षेत जेमतेम येतं. भारतीय म्युच्युअल फंडांसाठीचा फॉर्म ८६२१, दोन देशांमधल्या करकरारातल्या सवलतीसाठीचा ८८३३, भारतीय विद्यार्थ्याला कराराच्या कलम २१ मुळे १०४०-एनआर वर (अनिवासीच्या विवरणपत्रावर) मिळणारी स्टँडर्ड डिडक्शन, १० हजार डॉलरवरच्या परदेशी खात्यांचा एफबीएआर, जो विवरणपत्रासोबत नाही तर वेगळा भरायचा: दहाव्या-पंधराव्या वर्षी किंमत ठरते ती या कामाने. त्यासाठी आयआरएसचं प्रकाशन ५१९ फुकट मिळतं आणि बऱ्याच महागड्या क्लासपेक्षा ते जास्त नेमकं आहे.

भारतात बसून काम करणाऱ्यांनी अमेरिकी करकायद्याचं कलम ७२१६ आधीच वाचून ठेवावं. करदात्याच्या लेखी संमतीशिवाय त्याची माहिती अमेरिकेबाहेरच्या तयार करणाऱ्याकडे पाठवता येत नाही. स्क्रीनवर सोशल सिक्युरिटी नंबर झाकलेला येतो तो याच नियमामुळे, आणि तो ईमेलवर मागवण्याचा शॉर्टकट नवख्यांकडून सीझनमध्ये हटकून होतो.